भोपाळमध्ये पहिल्यांदा येताय? तलावापासून सुरुवात करा

महाराष्ट्रातून येणारे बहुतेक लोक भोपाळला येत नाहीत, भोपाळवरून जातात. सांचीचा स्तूप, भीमबेटकाच्या चित्रगुहा, पुढे उज्जैन आणि ओंकारेश्वर. मधल्या भोपाळच्या वाट्याला एक रात्र आणि सकाळची एक प्लेट पोहे. नागपूर सोडून इथे राहायला आल्यापासून मी असे कितीतरी पाहुणे स्टेशनवरून घरी आणलेत आणि दुसऱ्या दिवशी परत स्टेशनवर सोडलेत. दर वेळी जीव हळहळतो. म्हणून हे सगळं एकदा नीट, क्रमाने लिहून काढतोय. पाच दिवस हाताशी असतील तर उत्तम, चार असले तरी भागेल. पण त्यातले पहिले दोन शहराला द्या. सांची बावीसशे वर्षं उभी आहे, आणखी दोन दिवस थांबेल.

आपलं आणि या शहराचं नातं जुनं आहे. १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. राज्यं नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून नव्या मध्य प्रदेशाचा कारभार भोपाळहून चालू झाला. नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी कारकून मंडळी फायलींबरोबर बिऱ्हाड उचलून इथे आली आणि इथलीच झाली. सरकारी वसाहतींच्या जुन्या गल्ल्यांत दारावर मराठी आडनाव दिसलं तर नवल वाटून घेऊ नका.

पहिली पायरी: दिवस ठरवा

ऑक्टोबर ते मार्च हा चांगला काळ. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो; भीमबेटकाच्या खडकांत आणि सांचीच्या टेकडीवर तो सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाका असतो. पुण्या-मुंबईचा पातळ स्वेटर पुरत नाही, कानटोपी आणाच.

माझा स्वतःचा आवडता काळ मात्र पावसाळ्याचा शेवट. तलाव भरत आला की सगळं शहर एका आकड्याकडे डोळे लावून बसतं: १६६६.८० फूट. ही मोठ्या तलावाची पूर्ण पातळी. दूधवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत प्रत्येकाला हा आकडा पाठ असतो. पाणी तिथे पोचलं की भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात आणि घरंच्या घरं पाणी बघायला निघतात. त्या दिवशी तुम्ही भोपाळमध्ये असाल तर बाकीचे बेत बाजूला ठेवा.

दोन गोष्टी कॅलेंडरमध्ये बघून घ्या. भारत भवन, मानव संग्रहालय, जनजातीय संग्रहालय, तिन्ही सोमवारी बंद असतात. दोनच दिवस घेऊन आलेल्या माणसाचा सोमवार इथे फुकट जातो, म्हणून सोमवार बाहेरगावच्या फेरीसाठी राखा. दुसरं म्हणजे नोव्हेंबर किंवा डिसेंबरमध्ये इथे आलमी तब्लिगी इज्तिमा, म्हणजे मुस्लिमांचा मोठा धार्मिक मेळावा, भरतो. लाखो लोक येतात, गाड्या आणि लॉज भरून जातात. त्या आठवड्यात यायचं असेल तर आरक्षण फार आधी करा.

दुसरी पायरी: गाडी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्टेशन

मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्सप्रेस. नागपूरकरांना तर दिल्लीकडे जाणारी जवळपास कुठलीही गाडी चालते, शिवाय इंदूर–नागपूर वंदे भारत आहे. नागपूर ते भोपाळ साधारण ३९० किलोमीटर, सहा तासांचा प्रवास.

दिवसाची गाडी मिळत असेल तर दिवसाचीच घ्या आणि इटारसीनंतर झोपू नका. आधी नर्मदेचा पूल येतो. डब्यातले अर्धे लोक हात जोडतात, कोणी खिडकीतून नाणं टाकतं. मग बुधनीपासून गाडी घाटात शिरते. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, मध्येच बोगदा, आणि गाडीचा वेग इतका कमी की झाडावरची माकडं मोजता येतात. हे रातापानीचं जंगल. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. इटारसी–भोपाळ हा लोहमार्ग १८८४ साली सुरू झाला, आणि त्यासाठी पैसा घातला होता भोपाळच्या शाहजहाँ बेगमने. या शहरात बायकांनी राज्य केलं. ते पुढे येईलच.

भोपाळमध्ये स्टेशनं तीन. भोपाळ जंक्शन जुन्या शहराला लागून आहे. राणी कमलापती, म्हणजे २०२१ पर्यंतचं हबीबगंज, नव्या शहरात, एम. पी. नगरजवळ. तिसरं संत हिरदाराम नगर, ज्याला सगळे बैरागढ म्हणतात. उज्जैन-रतलामकडच्या गाड्या तिथून जातात. तिकिटावर कुठलं नाव आहे ते नीट वाचा, कारण चुकीच्या स्टेशनावर उतरलात तर सामानासकट अर्धं शहर ओलांडावं लागतं.

भोपाळ जंक्शनला उतरलात तर एक नंबर फलाटावर क्षणभर थांबा. १९८४ च्या वायुदुर्घटनेत कामावर असताना जीव गमावलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचं स्मारक तिथे आहे. त्या रात्री उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावर उभी असलेली, माणसांनी खच्चून भरलेली गोरखपूर–मुंबई गाडी वेळ होण्याची आणि वरच्या परवानगीची वाट न बघता पुढे काढून दिली, आणि येणाऱ्या गाड्या आधीच्या स्टेशनांवर थांबवायला लावल्या. ते स्वतः तिथून हलले नाहीत. मुंबईकडे निघालेले किती जीव त्या एका निर्णयाने वाचले असतील याचा विचार मी तिथून जाताना दर वेळी करतो.

तिसरी पायरी: पत्ता कळायला शिका

मुक्कामासाठी न्यू मार्केट किंवा एम. पी. नगर बघा. हमीदिया रोडवर स्टेशनजवळ स्वस्त लॉज भरपूर आहेत, पण मुलंबाळं आणि वडीलधारी बरोबर असतील तर नवं शहर बरं.

आता पत्ते. हे आधी समजून घेतलं नाही तर रिक्षावाल्यासमोर माणूस गोंधळतो. नव्या शहरातल्या जागांना नावांपेक्षा आकडे जास्त आहेत. ‘दस नंबर’, ‘पाँच नंबर’, ‘साढ़े छह नंबर’, ‘ग्यारह नंबर’ हे घरांचे क्रमांक नाहीत. ते जुने बस थांबे, आणि आता त्या थांब्यांभोवती वाढलेल्या वस्त्या-बाजार. ‘चौहत्तर बंगले’ आणि ‘पैंतालीस बंगले’ या सरकारी बंगल्यांच्या वसाहती. ‘बारह सौ पचास’ म्हटलं की सरकारी जयप्रकाश रुग्णालय. राजधानी झाल्यावर कर्मचाऱ्यांसाठी जेवढी घरं बांधली तोच आकडा त्या जागेचं नाव होऊन बसला. टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर, आपल्या येवल्याचे तात्या टोपे. रिक्षात बसल्यावर पूर्ण नाव घेऊ नका, ‘टीटी नगर’ म्हणा.

जुन्या शहरात उलट सगळे वार आहेत. इतवारा, सोमवारा, मंगलवारा, बुधवारा, जुमेराती. पुण्याच्या पेठा आणि नागपूरची इतवारी ज्यांच्या ओळखीच्या आहेत त्यांना इथे एकदम घरच्यासारखं वाटेल. जुमेरात म्हणजे गुरुवार, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

बोली हिंदी, पण खास भोपाळी. ‘को खाँ’ ही हाक भांडणाची नव्हे, प्रेमाची. आणि ‘मी’ म्हणायच्या ठिकाणी इथली माणसं ‘अपन’ म्हणतात, ते तर आपल्या ‘आपण’चंच भावंड.

चौथी पायरी: पहिली संध्याकाळ तलावाची

सामान ठेवा, तोंड धुवा आणि दुसरीकडे कुठेही न जाता मोठ्या तलावावर जा. ‘ताल तो भोपाल ताल, बाकी सब तलैया’ असं इथले लोक म्हणतात, आणि काठावर उभं राहिलं की ते पटतं. जवळपास ३१ चौरस किलोमीटर पाणी, समोरचा काठ धुक्यात हरवलेला. परमार राजा भोजाने अकराव्या शतकात कोलांस नदीवर बांध घालून हा तलाव केला असं मानतात. त्याच्या नावाने आज याला भोजताल म्हणतात. विशेष म्हणजे हा नुसता बघायचा तलाव नाही. शहराच्या मोठ्या भागाला आजही पिण्याचं पाणी इथूनच जातं. २००२ मध्ये मोठा आणि छोटा असे दोन्ही तलाव मिळून ‘भोज आर्द्रभूमी’ म्हणून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले.

कमला पार्कपाशी उभे राहा. तुमच्या पायाखाली जो रस्ता आहे तोच जुना मातीचा बांध. एका बाजूला मोठा तलाव, दुसऱ्या बाजूला पातळीने खाली असलेला छोटा तलाव. हा छोटा तलाव १७९४ मध्ये नवाब हयात मुहम्मद खानांचे मंत्री छोटे खान यांनी बांधून घेतला. मोठ्या तलावाचं झिरपलेलं पाणी त्यात उतरतं. मोठा तलाव भरलेला असेल तर छोटाही सुकत नाही. शेजारी राणी कमलापतीचा महाल आहे. गिन्नौरगढच्या या गोंड राणीनंतर, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, अफगाण सरदार दोस्त मोहम्मद खानाने इथे तटबंदीचं शहर वसवलं.

याच पाण्याच्या आणि तटाच्या आडोशाला १७३७ च्या डिसेंबरात निजाम येऊन बसला होता. बाजीराव पेशव्यांनी थेट भिडण्याऐवजी भोपाळला वेढा घातला, रसद तोडली, उपासमारीने निजामाची फौज हवालदिल केली. ७ जानेवारी १७३८ ला दोराह्याला तह झाला आणि माळवा मराठ्यांकडे आला. शाळेत हा तह आपण एका ओळीत वाचतो. इथे काठावर उभं राहून कुठून कुठे जाता येत नाही हे बघितलं की तो डोळ्यांसमोर उलगडतो. पाणी पाठीशी घेऊन सुरक्षित वाटलेला माणूस त्याच पाण्यामुळे अडकला होता.

सूर्य मावळताना व्हीआयपी रोडवर असा. पाण्यात राजा भोजाचा उंच पुतळा, मागे मशिदींचे मिनार, आणि अंधारून येताना दिवे. थंडीच्या दिवसांत पाण्यावर पक्ष्यांचे थवे असतात. दुर्बीण असेल तर आणा.

पाचवी पायरी: सकाळी जुनं शहर, पायी

सकाळी हॉटेलातला नाश्ता सोडून द्या आणि चौकातल्या पोहेवाल्याकडे जा. त्याच्या गाडीवर खाली पाणी खदखदत असतं आणि वरच्या परातीत पोहे वाफेवर राहतात, म्हणून दहा वाजताही ते कोरडे पडत नाहीत. कांदा तो फोडणीत कमी आणि वरून कच्चा जास्त घालतो. बडीशेप दाताखाली येते. वर मूठभर शेव, कोथिंबीर, लिंबाची पिळी, आणि शेजारी तुपातून नुकत्याच काढलेल्या जिलब्या. आपल्यासारखा खोवलेला नारळ नसतो. पहिल्या घासाला आपल्या घरच्या कांदेपोह्यांशी तुलना होते, तिसऱ्या घासापर्यंत ती थांबते. पोह्यांचा घास आणि जिलबीचा तुकडा एकत्र खायचा, पाठोपाठ नव्हे.

मग चालायला लागा. मोती मशीद, सदर मंजिल, शौकत महल, इकबाल मैदान, चौक बाजारातली जामा मशीद. सगळं एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर. या भागाची गोष्ट बेगमांची आहे. १८१९ ते १९२६ या काळात, मधली थोडी वर्षं सोडली, तर भोपाळवर एकीमागून एक चार बायकांनी राज्य केलं. कुदसिया बेगमने गौहर महल आणि जामा मशीद बांधली. सिकंदर बेगमने मोती मशीद. शाहजहाँ बेगमने रेल्वे आणली आणि ताज-उल-मसाजिदचं काम काढलं. सुलतान जहाँ बेगम अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. आपल्याकडे अहिल्याबाईंचं नाव घराघरात आहे. पण सख्ख्या मायलेकींनी पिढ्यान्‌पिढ्या गादी सांभाळल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण, आणि ते महाराष्ट्राच्या इतक्या जवळ असून आपल्याला ठाऊक नसतं, याची मला फार खंत वाटते.

गौहर महल तलावाच्या काठावर आहे, तिथे हातमागाची आणि हस्तकलेची प्रदर्शनं भरतात. आत चौकात उभं राहून वर बघा, लाकडी कमानींवरचं काम जवळून दिसतं.

ताज-उल-मसाजिद देशातल्या सगळ्यात मोठ्या मशिदींपैकी एक. शाहजहाँ बेगमच्या हयातीत ती पुरी झाली नाही, पैसा संपला आणि काम थांबलं. १९७१ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि १९८५ मध्ये पूर्ण झालं. शुक्रवारी जाऊ नका. इतर दिवशी नमाजाच्या वेळा सोडून जा. चपला बाहेर, अंगभर कपडे, आवाज हळू. आतल्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, तिथे मदरसा आहे. इथून थोड्या अंतरावर, हमीदिया रुग्णालयाच्या आवारात, फतेहगढ किल्ल्याच्या उरल्यासुरल्या भागात ‘ढाई सीढ़ी की मस्जिद’ आहे, अडीच पायऱ्यांची, अगदी इवलीशी. एवढी मोठी आणि एवढी छोटी मशीद एकाच सकाळी बघून होते.

दुपारच्या जेवणाला मांसाहारी माणसाने जुन्या शहरातच थांबावं. भोपाळी गोश्त कोरमा, सकाळी लवकर आलात तर पाये-निहारी, रात्री इब्राहिमपुऱ्याजवळची चटोरी गली. शाकाहारी असाल तर नव्या शहरात दाल-बाफले मिळतील: बाट्या आधी उकडायच्या, मग भाजायच्या आणि तुपात बुडवायच्या. दोन बाफल्यांवर जेवण आटोपतं. तिसरा घेतलात तर दुपार झोपेत जाईल.

जुन्या शहराची रात्रही बघा. दुकानं बंद झाली की दुकानांपुढच्या फळ्यांवर आणि दगडी कट्ट्यांवर माणसं जमतात. त्याला इथे ‘पटिये’ म्हणतात. गावच्या पाराचं काम ते करतात: राजकारण, शेरोशायरी, कोणाच्या घरी काय ठरलं, सगळं तिथे. बाजूला समोवरमध्ये चहा उकळत असतो, तो मागा. या चहात साखरेबरोबर चिमूटभर मीठ असतं आणि वर साय. पहिला घोट जिभेला कळत नाही. कप खाली ठेवू नका, दुसरा घोट घ्या.

सहावी पायरी: श्यामला हिल्सला एक अख्खा दिवस

इथे लोक घाई करतात, आणि इथेच करू नये. तलावाच्या काठावरच्या या टेकडीवर तीन जागा आहेत, प्रत्येकीला निदान तीन तास.

सकाळी मानव संग्रहालय, पूर्ण नाव इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय. जवळपास २०० एकरांचा डोंगर. देशातल्या वेगवेगळ्या जमातींची घरं इथे आहेत आणि ती त्या त्या जमातीच्या लोकांनी स्वतः येऊन, आपापल्या मातीने-बांबूने बांधलीत. आपल्या वारल्यांचंही घर आहे. आवारातच प्राचीन चित्रं असलेले शैलाश्रय, म्हणजे खडकांखालचे आडोसे, आहेत. बूट घाला, पाण्याची बाटली घ्या; चढउतार बराच आहे.

जनजातीय संग्रहालय दुपारी उघडतं, म्हणून ते दुसरं घ्या. २०१३ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय काचेच्या कपाटांचं नाही. गोंड, भील, कोरकू, बैगा, भारिया, कोल, सहरिया अशा जमातींचं जग इथे भिंतींवर, छतावर, झाडांच्या आकारात उभं केलंय, आणि करणारे हात त्याच समाजांतल्या कलावंतांचे. कोरकू म्हणजे आपल्या मेळघाटातले कोरकू, सातपुड्याच्या दोन्ही उतारांवर राहणारे. एका दालनात लग्नमांडवाचा खांब आहे. त्यावरच्या बारीक कोरीवकामापाशी मी प्रत्येक वेळी थबकतो. गोंड चित्रांत एका हरणाच्या अंगावर हजारो ठिपके असतात. जवळ जाऊन बघा, प्रत्येक कलावंताचा ठिपका वेगळा असतो, कोणाचा तांदळाच्या दाण्यासारखा, कोणाचा माशाच्या खवल्यासारखा. पाटनगढचे जनगढ सिंह श्याम याच शहरात येऊन मोठे चित्रकार झाले. भारत भवनात चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी आदिवासी आणि शहरी कलावंतांची कामं एकाच छताखाली शेजारी-शेजारी ठेवली, त्यातून हे घडलं.

ते भारत भवन संध्याकाळसाठी ठेवा. १३ फेब्रुवारी १९८२ ला इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, आणि त्याची रचना केली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी. पणजीची कला अकादमी त्यांचीच. रस्त्यावरून इमारत दिसतच नाही. दिसते फक्त गच्ची आणि गवत. मग पायऱ्या उतरत गेलं की एकेक चौक उघडत जातो आणि शेवटी समोर पाणी. आतली दालनं बघाच, पण त्या दिवशी नाटक किंवा गाणं आहे का हेही तिथे विचारा. असेल तर तिकीट काढून बसा. अरेरा हिल्सवरचं गोल विधान भवनही कोरियांचंच. ते बाहेरून बघता येतं.

हाती आणखी एक सकाळ असेल तर वनविहार. तलावाला लागून ४.४५ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, १९८३ पासूनचं. सायकल घ्या आणि पाण्याच्या कडेच्या रस्त्याने सावकाश जा.

सातवी पायरी: १९८४

याविषयी घाईने लिहिता येत नाही, आणि टाळून भोपाळची ओळख पुरी होत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला आणि वाऱ्याबरोबर जुन्या शहरावर उतरला. राज्य सरकारच्या नोंदीत ३,७८७ मृत्यू आहेत. पीडितांच्या संघटना त्याच्या कितीतरी पट आकडा सांगतात. जे जगले त्यांच्यातले हजारो आजही फुप्फुसांच्या आणि डोळ्यांच्या दुखण्यांनी बेजार आहेत. कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलवायला २०२५ चा जानेवारी उजाडला, म्हणजे चाळीस वर्षं गेली.

कारखान्यासमोर मुलाला कवटाळलेल्या आईचं शिल्प आहे. तिथे जा, उभे राहा. बेरसिया रोडच्या बाजूला ‘रिमेंबर भोपाळ’ हे छोटं संग्रहालय आहे. त्यात वाचलेल्यांच्या वस्तू आणि त्यांच्याच आवाजातल्या आठवणी आहेत. एवढं बघा. समोरच्या वस्तीत मात्र कॅमेरा घेऊन फिरू नका आणि ‘तुमच्या घरातलं कोण गेलं’ हा प्रश्न कोणालाही आपणहून विचारू नका. एखाद्या रिक्षावाल्याने किंवा चहावाल्याने स्वतःहून बोलायला सुरुवात केली तर घड्याळ न बघता ऐका. जुन्या शहरात पन्नाशी ओलांडलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडे त्या रात्रीची आठवण आहे.

आठवी पायरी: आता बाहेर पडा

एका दिवसात भोजपूर आणि भीमबेटका. दोन्ही दक्षिणेकडे, दिवसभराची गाडी ठरवा. भोजपूर साधारण २८ किलोमीटर. बेतवेकाठचं हे शिवमंदिर भोजाच्या काळातलं, आणि ते अपुरं राहिलं. म्हणूनच ते बघावं. आत साडेसात फुटांचं एकसंध लिंग, खाली अजस्र चौथरा. दर्शन घेऊन लोक लगेच परत फिरतात. तुम्ही मंदिराच्या मागे जा. दगड वर चढवायला केलेला मातीचा उतार अजून तसाच आहे. आजूबाजूच्या सपाट खडकांवर बांधकामाचे नकाशे कोरलेत, खांब कसे असतील, कळस कसा असेल, सगळं. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराची आखणी पायाखाली दिसते. इथे भोजाचा आणखी एक विशाल तलाव होता. माळव्याच्या होशंगशाहाने पंधराव्या शतकात त्याचा बांध फोडला असं सांगतात. बांधाचे प्रचंड दगड अजून दिसतात, आणि वाटेवरचं मंडीदीप हे औद्योगिक गाव म्हणे त्या तलावातलं बेट होतं.

तिथून भीमबेटका. १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णू श्रीधर वाकणकरांना आगगाडीच्या खिडकीतून हे खडक दिसले, वेगळे वाटले, आणि ते शोधत आले. ७०० हून अधिक शैलाश्रय निघाले. २००३ मध्ये जागतिक वारसा झाला. मोजकेच बघायला खुले आहेत, दोन तास पुरतात. पहिल्या मोठ्या गुहेतच थांबून परतू नका. चित्रांनी गजबजलेल्या प्राण्यांच्या खडकापाशी बसा, आणि शेवटी माणसामागे धावणारा तो शिंगवाला अवाढव्य रानडुक्कर बघूनच मागे या.

दुसरा दिवस सांचीचा. ४६ किलोमीटर. वाटेत रस्त्यावर कर्कवृत्ताची रेघ आखलेली आहे, मुलांना तिथे उतरवा. स्तूपाच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे: सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुख्य, वासिष्ठीपुत्र आनंद, याने दिलेलं दान. सातकर्णी म्हणजे पैठणचे सातवाहन. त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनीही आपलं काम नोंदवून ठेवलंय, आणि ते माहीत असलं की दगडातली ती नाजूक नक्षी हस्तिदंतासारखी का दिसते हे कळतं. सांचीचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. दुपारनंतर पुढे विदिशेजवळ उदयगिरीच्या गुहा आणि ग्रीक दूत हेलिओडोरसचा स्तंभ होतो. त्याला गावकरी खांब बाबा म्हणतात.

नववी पायरी: राहायलाच आला असाल तर

बदली, शिक्षण, एम्समधली नोकरी, कारण काहीही असो, घर बघताना भाड्याआधी एक विचारा: पाणी कुठलं? शहराला मोठा तलाव, कोलार धरण आणि नर्मदा अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून पाणी येतं. नव्या वसाहतींत काही घरं निव्वळ बोअरवर असतात. एका नातेवाइकांनी हे न विचारता करार केला आणि एप्रिलपासून टँकरची वाट बघत बसले. अरेरा कॉलनी जुनी आणि झाडांची, कोलार रोड आणि नर्मदापुरम रोड नवीन आणि परवडणारे, भेल (बीएचईएल) कारखान्याचा परिसर शांत.

मराठी वाचायला-ऐकायला मिळेल का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मिळेल. गणपतीत मराठी मंडळी एकत्र येतात, राज्याची मराठी साहित्य अकादमी इथे आहे. आणि एकदा माधवराव सप्रे संग्रहालयात जाऊन या. टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेणाऱ्या सप्र्यांच्या नावाने १९८४ मध्ये उभं राहिलेलं हे वृत्तपत्रांचं संग्रहालय. जुनी नियतकालिकं तिथे हाताळून वाचायला मिळतात.

जाताना

चौकातून जरीकामाचा भोपाळी बटवा घ्या. दोरी ओढून बघा, अस्तर बघा, मग भाव करा. साडी हवी तर मृगनयनी या सरकारी दुकानात चंदेरी आणि महेश्वरी रास्त दरात मिळते. आणि परतीच्या तिकिटावर कुठल्या स्टेशनाचं नाव आहे ते आदल्या रात्रीच बघून ठेवा. सकाळच्या गर्दीत जुन्या शहरातून राणी कमलापतीला पोचायला पाऊण तास धरावा लागतो.